बाटली त्याच पाण्याने विसळावी

मेट्रनबाई दवाखान्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण वॉर्ड काही त्यांच्या अंगातून गेला नव्हता. घरात त्या एकट्या. एकट्या माणसाचं घर घाण होऊन होऊन किती होणार, असं कुणी म्हटलं तर त्यांना ते पटत नसे. सकाळी फरशी, दुपारी खिडक्यांच्या काचा, संध्याकाळी पुन्हा फरशी. एखाद्या तापट माणसाबद्दल आपण म्हणतो की तो नाकावर माशी बसू देत नाही. मेट्रनबाईंच्या घरात माशी नाकापर्यंत पोचायचीच नाही, ती दारातूनच परत फिरायची.

भांड्यांच्या बाबतीत तर त्यांचं शास्त्रच होतं. आधी गरम पाणी, मग घासणी, मग नळाखाली विसळायचं आणि सगळ्यात शेवटी उकळलेल्या पाण्यात साबणाचे चार थेंब टाकून त्यात एक बुडी. ती बुडी दिली की भांडं पुसायचं नाही, पुन्हा नळाखालीही धरायचं नाही, उपडं घालून वाळू द्यायचं. वॉर्डात औषधाच्या पाण्यातून काढलेली वस्तू पुन्हा साध्या पाण्याला दाखवायची नसते, तोच नियम. नळाच्या पाण्याचा काय भरवसा, एवढं सगळं करून शेवटी नळाखाली धरलं तर मुसळ केरातच की. त्यांच्याकडच्या चहाला एक निराळी चव असे. पाहुणे पहिला घोट घेतला की जरा विचारात पडत. मेट्रनबाईंना ती स्वच्छतेची चव वाटे.

अशा बाईंच्या खिडकीखालून ओढा वाहत होता, आणि तो काळा, संथ आणि वासाचा होता. पूर्वी त्यात मासे असत. आता मासे जाऊ द्या, बेडकंही पत्ता बदलून गेली होती. उन्हं चढली की अख्खी गल्ली खिडक्या लावून बसायची आणि नगरपालिकेला नावं ठेवायची. शेवटी एका निवृत्त शिक्षकांना, ज्यांना सगळे मास्तर म्हणत, ते सहन होईना. नुसती बोंब मारून कुणी ऐकत नाही, मोजून दाखवलं तर ऐकतात, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी एका कॉलेजातून पाणी तपासायची पेटी मिळवली, चार घरं फिरून माणसं गोळा केली आणि ओढा मंडळ उभं राहिलं. मेट्रनबाई त्यात पहिल्या.

पहिल्याच बैठकीत मास्तरांनी पेटीतले नियम मोठ्यानं वाचून दाखवले. त्यातला एक नियम असा, की ज्या पाण्याचा नमुना घ्यायचा, त्याच पाण्याने बाटली आधी तीनदा विसळावी. मेट्रनबाईंना वाटलं, हे लिहिणाऱ्याला कधी कुणी भांडी घासायला बसवलेलं दिसत नाही. घाणीनं धुवायचं आणि वर घाण किती ते मोजायचं? त्या लगेच म्हणाल्या, "बाटल्यांचं माझ्याकडे द्या." कुणी नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. बाटल्या त्यांच्याकडे गेल्या, आणि औषधं थंड जागी ठेवायची सवय म्हणून तपासायच्या थेंबांची कुपीही त्यांच्याच कपाटात गेली.

दर रविवारी सकाळी मेट्रनबाई फडक्यात गुंडाळलेल्या, लखलखीत बाटल्या घेऊन पुलावर उभ्या राहत. गुडघ्यांमुळे त्यांना खाली उतरता येत नसे. मास्तर उतरत. त्यांच्या हातात बाटली देताना दरवेळी एकच ताकीद असे, की आत बोट घालायचं नाही आणि विसळायची तर मुळीच नाही. मास्तरांनी नियम वाचला होता, त्यांना तो पाठ होता. पण आयुष्यभर वर्गाला दटावलेला माणूस मेट्रनबाईंपुढे उभा राहिला की मागच्या बाकावरचा होऊन जाई. ते निमूटपणे बाटली भरून वर देत.

एक नमुना पुलाखालचा, एक पुलाच्या जरा वर, लॉन्ड्रीच्या मागचा. तिसरा ओढ्याच्या उगमाजवळचा, टेकडीवरचा. तो आणायचं काम सायकल दुरुस्त करणाऱ्याकडे होतं. त्या खडकाळ वाटेवर काच टिकायची नाही म्हणून तो आपली नेहमीची पाणी प्यायची बाटली घेऊन जाई, चेपलेली, ग्रीसचे डाग पडलेली. तिला मेट्रनबाईंनी कधी हात लावला नाही. ती बघून त्या तोंड फिरवत.

पेटीतल्या चाचण्यांपैकी साबणाची चाचणी सगळ्यात सोपी होती. पाण्यात थेंब टाकायचे आणि हलवायचं. पाणी होतं तसंच राहिलं तर ठीक. निळं झालं तर साबण. कुठली आधी करायची यावर मंडळात थोडा वाद झाला आणि सोपी ती आधी, असं ठरलं. उगमाचं पाणी दरवेळी तसंच राहिलं. लॉन्ड्रीमागचं निळं, पुलाखालचंही तितकंच निळं. ओढ्यावर फेसाचा एक बुडबुडासुद्धा दिसत नव्हता, पण थेंब निळे होत असताना डोळ्यांचं ऐकतो कोण? मास्तरांनी भिंतीवरच्या तक्त्यात निळ्या खडूनं खुणा केल्या, आणि मग खोलीतलं कुणीच कुणाकडे बघेना. कारण लॉन्ड्री मेट्रनबाईंच्या धाकट्या भावाची होती.

त्या वेळी मेट्रनबाई जे बोलल्या, ते गल्लीत पुढे बरेच दिवस कौतुकानं सांगितलं जात होतं. "नियम सगळ्यांना सारखा. भाऊ असला म्हणून काय झालं? लॉन्ड्री बंद करायचा अर्ज लिहा, पहिली सही माझी."

हा धाकटा त्यांनीच वाढवलेला. आई दिवसभर कामावर असायची, त्यामुळे त्याला न्हाऊमाखू घालणं, जेवायला वाढणं, रागावणं, सगळं ताईकडे. जेवायला बसायच्या आधी ताईचा हुकूम असायचा, "हात दाखव." तो दोन्ही हात पुढे करायचा, ती उलटसुलट करून बघायची. आणि हा पठ्ठ्या नळाखाली नुसती बोटांची टोकं ओली करून यायचा आणि डोळ्यात डोळे घालून सांगायचा की धुतले. ते त्यांच्या मनात कुठंतरी तसंच राहिलं होतं. माणूस मोठा होतो, त्याचं लग्न होतं, केस पिकतात, पण थोरल्या बहिणीच्या लेखी तो बोटांची टोकंच ओली करत असतो.

म्हणून त्या लॉन्ड्रीत गेल्या आणि त्यानं सांगितलं, की ताई, साबणाचं पाणी मी ओढ्यात सोडतच नाही, मागे खड्डा केलाय, वाळू-खडी भरून, तिथं मुरतं ते, चल दाखवतो, तेव्हा त्या जागच्या हलल्या नाहीत. "थेंब काय खोटं बोलतात?" त्यांनी विचारलं.

"थेंबांचं मला माहीत नाही," धाकटा म्हणाला. "मी बोलत नाहीये."

त्याच्या बायकोनं इस्त्री बाजूला ठेवली आणि ती आत निघून गेली. धाकट्यानं थोडा वेळ विचार केला आणि स्वतःच तोड काढली. येत्या रविवारपर्यंत लॉन्ड्री पूर्ण बंद ठेवतो, म्हणाला. एक रुमालसुद्धा धुणार नाही. मग तपासा.

त्यानं खरोखर बंद ठेवली. हॉटेलच्या चादरी परत पाठवल्या, दवाखान्याचे पडदे परत पाठवले. हॉटेलवाल्यानं दुसरी लॉन्ड्री बघितली ती बघितलीच. आणि रविवारी मास्तरांनी थेंब टाकले, तर पाणी निळं. नेहमीइतकंच निळं. सायकलवाला म्हणाला, याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. मंडळात सगळ्यांचं एकमत झालं, की दार बंद ठेवून आत धुणं चालू असणार. अर्ज उद्या संध्याकाळच्या बैठकीत पक्का करायचा आणि नगरपालिकेत द्यायचा असं ठरलं. धाकट्यालाही बोलवायचं, म्हणजे मागून कुणी म्हणायला नको.

मेट्रनबाई तिथून तडक लॉन्ड्रीत गेल्या. खोटं त्यांना कधीच सहन झालं नव्हतं, आणि आज तर चारचौघांत मान खाली गेली होती. यंत्रं झाकलेली होती. कपडे वाळवायच्या दोऱ्या मोकळ्या होत्या. धाकटा एका पालथ्या टोपलीवर नुसताच बसला होता. काही काम नसलेला तो त्यांनी कधी पाहिलाच नव्हता, त्यामुळे क्षणभर तो त्यांना कुणी दुसराच वाटला.

"खरं सांग," त्या म्हणाल्या.

त्यानं लहानपणी करायचा तसे दोन्ही हात पुढे केले.

मेट्रनबाईंनी सवयीनं ते हातात घेतले आणि उलटसुलट करून पाहिले. हे हात त्यांना पाठ होते. लॉन्ड्री काढल्यापासून ते पांढरे आणि फुगलेले असत, बोटांची टोकं चिरलेली, बेचक्यांत कातडं सोललेलं. किती मलमं दिली होती त्यांनी, पण साबणात हात घालणाऱ्याला मलम किती पुरणार? आज ते हात कोरडे होते. चिरा मिटल्या होत्या. बेचक्यांत नवी, गुलाबी कातडी आली होती. ज्या बाईनं उभा जन्म जखमा भरताना पाहिल्या, तिला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. या हातांनी आठवडाभर साबणाला स्पर्श केलेला नव्हता.

त्यांनी हात सोडले. "बरं," एवढंच म्हणाल्या आणि घरी आल्या.

कातडी खोटं बोलत नाही. थेंबही खोटं बोलत नाहीत, नाहीतर टेकडीवरचं पाणीही निळं झालं असतं. मग उरलं काय? स्वयंपाक करताना, जेवताना, पुन्हा फरशी पुसताना मेट्रनबाई हेच घोकत होत्या, आणि जे उरलं होतं ते ओट्यावर फडक्यावर उपडं घातलेलं होतं.

सकाळी उठून त्यांनी एक बाटली सरळ केली, तीत प्यायचं, उकळून गाळलेलं पाणी ओतलं आणि कपाटातून कुपी काढून थेंब टाकले. पाणी निळं झालं. ओढ्याचं व्हायचं तितकंच निळं. त्यांनी फळीवरचा पेला घेतला, त्यात तेच पाणी, तेच थेंब. तेही निळं. चहाचा कप घेतला. निळा. मेट्रनबाई खाली बसल्या. मग उठून चप्पल घालून सायकलच्या दुकानात गेल्या आणि ती ग्रीसवाली बाटली मागितली. सायकलवाला तोंडात धरलेला स्क्रू काढायचा विसरला. कशाला हवी, असं त्यानं विचारलं तेव्हा, बघायची होती, एवढंच उत्तर त्याला मिळालं. घरी त्या बाटलीत पाणी ओतून, थेंब टाकून त्यांनी ती उजेडात धरली. पाणी स्वच्छ होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो असा.

आता खरं सांगायचं तर यातून सुटायची एक सोपी वाट होती, आणि ती मेट्रनबाईंना लगेच दिसली. त्या काही संत नव्हत्या. अर्ज आठ दिवस थांबवा म्हणायचं. पुढच्या रविवारी बाटल्या गुपचूप साध्या पाण्यानं विसळायच्या. पाणी निळं होणार नाही, लॉन्ड्री वाचेल, आणि गल्ली म्हणेल, बघा, मेट्रनबाईंच्या धाकानं भाऊ सुतासारखा सरळ आला. कुणाचंही नुकसान नाही. फक्त धाकटा जन्मभर लबाड ठरायचा, जसा तो बोटांची टोकं ओली करायच्या दिवसांपासून त्यांच्या लेखी ठरलेलाच होता. हा विचार मनात नीट मांडून झाला आणि मेट्रनबाईंना स्वतःची लाज वाटली. इतकी, की त्यांना धुवायला काही सापडेना.

संध्याकाळी मास्तरांच्या खोलीत सगळे जमले. धाकटा दाराजवळच्या स्टुलावर, बोलावलेल्या आरोपीनं बसावं तसा. मास्तरांनी अर्ज पुढे सरकवला, पहिल्या सहीसाठी. मेट्रनबाईंनी पिशवीतून आपली लखलखीत बाटली काढली, सायकलवाल्याची चेपकी बाटली काढली, मास्तरांच्याच माठातलं पाणी दोन्हींत ओतलं आणि थेंब टाकले. लखलखीत बाटली निळी झाली.

"ओढ्यात साबण नाही," त्या म्हणाल्या. "साबण माझ्या बाटल्यांत आहे. पहिल्या दिवसापासून."

मग त्यांनी ती शेवटच्या बुडीची पद्धत सांगितली, काहीही न गाळता. वाचलेला नियम आपण कसा मोडला आणि मास्तरांना कसा मोडायला लावला, तेही सांगितलं. मास्तर चष्मा पुसत म्हणाले, चूक त्यांची एकट्यांची नाही, मला नियम ठाऊक होता, मीही भ्यालो. मग त्यांच्या काहीतरी लक्षात आलं. "म्हणजे इतकी वर्षं तुमच्याकडचा तो चहा…" ते म्हणाले आणि तिथंच थांबले. सायकलवाल्याला हसू आवरेना, आणि दुसऱ्या कुठल्याही दिवशी मेट्रनबाईंनी त्याची धडगत ठेवली नसती.

पण त्या दाराकडे वळल्या होत्या. "धाकट्या, तू खरं सांगत होतास. खड्डा दाखवतो म्हणालास, मी बघायलासुद्धा आले नाही. चुकलं माझं."

धाकटा उठला. सगळ्यांना वाटलं तो काहीतरी बोलेल. त्यानं मान हलवली, कशाला ते कळलं नाही, आणि तो बाहेर पडला. अर्ज मास्तरांनी फाडला. बाटल्यांचं काम मात्र मेट्रनबाईंकडेच ठेवलं. त्या नको म्हणाल्या, तर मास्तर म्हणाले की एवढी मोठी चूक ज्याच्या हातून झाली, तो ती पुन्हा करत नाही. मास्तरांनी त्यांच्यापुढे आवाज चढवल्याची ही पहिलीच वेळ.

नियमाप्रमाणे नमुने घेतले तेव्हा कळलं, की ओढ्याचा श्वास कोंडलाय. पाण्यात प्राणवायूच नव्हता. कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. पुलाखालच्या कोपऱ्यात वर्षानुवर्षांचं उष्टं-खरकटं, पिशव्या, उशा, एक अख्खी गादी सडत पडली होती, आणि ते सगळं पुलावरून गल्लीतल्याच एकेकानं टाकलेलं होतं. आता अर्जात कुणाचं नाव घालणार? मंडळाचे लोक काही दिवस एकमेकांकडे बघून खाकरत राहिले आणि मग हातमोजे घालून खाली उतरले. अर्ध्या गल्लीला आधी वाटलं, हे यांचं खूळ आहे. मग गादी वर निघाली आणि ती कुणाची होती ते ओळखू आलं, तेव्हा उरलेली अर्धी गल्लीही उतरली.

कचरा भरायला लॉन्ड्रीतल्या मोठ्या कॅनव्हासच्या पिशव्या येत होत्या. पिशव्या आणायचा सायकलवाला, आणि भरलेल्या रिकाम्या झाल्या की धुवायला न्यायचाही तोच. धाकटा स्वतः येत नव्हता. मेट्रनबाई पुलावर उभ्या राहून कामं सांगत होत्या आणि दर थोड्या वेळानं लॉन्ड्रीच्या दिशेनं बघत होत्या. एकदा त्या जाऊन मागचा तो खड्डा बघून आल्या. वाळू-खडी नीट थरांनी भरलेली होती आणि कडेला गवत उगवलं होतं. धाकट्याच्या बायकोनं त्यांना चहा विचारला. तो घरी नव्हता, किंवा असला तरी बाहेर आला नाही.

पाणी वाहतं झालं. वास पहिल्यांदा कमी झाला, मग खिडक्या उघडल्या. ज्या रविवारी पुन्हा नमुना घ्यायचा होता, त्या दिवशी मेट्रनबाईंनी मास्तरांना बाटली दिली नाही. मी उतरते, म्हणाल्या. मास्तरांनी त्यांच्या गुडघ्यांकडे बघितलं आणि ते बाजूला झाले. उतार निसरडा होता. दोन पावलं टाकून त्या अडकल्या, ना वर जाता येईना, ना खाली. तेवढ्यात मागून कुणीतरी कोपराला धरलं. तो हात पांढरा आणि फुगलेला होता, बोटांची टोकं चिरलेली. लॉन्ड्री जोरात चालू झालेली दिसत होती.

दोघं काठापर्यंत उतरली. मेट्रनबाई जमेल तशा वाकल्या. बाटली ओढ्यात बुडवली, हलवली, ओतून दिली. पुन्हा बुडवली. त्यांच्या चेहऱ्यावर काय काय होत होतं ते पुलावरच्यांनाही दिसत होतं, पण कुणी हसलं नाही. तिसऱ्यांदा ओतून झाल्यावर त्यांनी बाटली भरली, झाकण घट्ट लावलं आणि ती धाकट्याकडे दिली. हातांना मनगटापर्यंत गाळ लागला होता. त्या सवयीनं रुमाल शोधायला लागल्या.

"हात दाखव," धाकटा म्हणाला.

मेट्रनबाईंनी वर पाहिलं. मग दोन्ही हात पुढे केले. त्यानं बाटली काखेत धरली, ते हात हातात घेतले आणि उलटसुलट करून, सावकाश, नखांपर्यंत बघितले.

"स्वच्छ आहेत," तो म्हणाला. "चल, वर चहा करून ठेवलाय. आमच्या कपात."